जीवित, स्वातंत्र्य आणि… सुखाचा शोध? जेफर्सनच्या एका वाक्याच्या मागावर

नदीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आम्ही फिलाडेल्फियापासून तासाभराच्या अंतरावर राहतो. लेक अकरावीत आहे, यंदा तिला अमेरिकेचा इतिहास आहे. मागच्या महिन्यात तिला घरून लिहून आणायला प्रश्न मिळाला: इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता असे हक्क सांगितले, मग जेफर्सनने १७७६ च्या अमेरिकी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात मालमत्ता गाळून तिथे 'सुखाचा शोध' का घातला? जेवताना तिने मला विचारलं आणि मी छातीठोकपणे सांगून टाकलं, की जेफर्सनला मालमत्ता हा शब्द फार व्यवहारी वाटला म्हणून त्याने बदलला. रात्री अंथरुणावर पडल्यावर मनात आलं, हे मी कुठे वाचलंय? कुठेच नाही. कधीतरी कानावर पडलं होतं, ते मी पुढे ढकललं. तेव्हापासून रोज रात्री तासभर हाच विषय वाचतोय, आणि जे हाती लागलं ते इथे मांडतोय. चुकलं तर हक्काने दुरुस्त करा.

जाहीरनाम्याचा मसुदा करायला ११ जून १७७६ रोजी पाच जणांची समिती नेमली गेली: थॉमस जेफर्सन, जॉन ॲडम्स, बेंजामिन फ्रँकलिन, रॉजर शर्मन आणि रॉबर्ट लिव्हिंगस्टन. लिहायचं काम ३३ वर्षांच्या जेफर्सनकडे आलं. मार्केट स्ट्रीट आणि सातव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर ग्राफ नावाच्या गवंड्याचं विटांचं घर होतं, त्याच्या वरच्या मजल्यावर जेफर्सन भाड्याने राहत होता. नेता-आणता येईल असं एक छोटं लाकडी मेज त्याच्यापाशी होतं. त्यावर कागद ठेवून त्याने मसुदा लिहिला.

आता गंमत बघा. त्याच सुमारास व्हर्जिनियात जॉर्ज मेसनने हक्कांचा जाहीरनामा तयार केला होता, आणि त्याचा मसुदा जूनच्या पहिल्या पंधरवड्यात फिलाडेल्फियाच्या वर्तमानपत्रांत छापून आला होता. मेसन म्हणतो, की सगळी माणसं सारखीच मोकळी आणि स्वतंत्र आहेत आणि त्यांना काही उपजत हक्क आहेत. ते कोणते? जीवित आणि स्वातंत्र्य यांचा उपभोग, मालमत्ता मिळवायची आणि राखायची साधनं, आणि सुख व सुरक्षितता शोधणं आणि मिळवणं. म्हणजे सुख तिथे होतंच, मालमत्तेला खेटून. जेफर्सनने ते लांबलचक वाक्य पिळलं आणि तीनच गोष्टी ठेवल्या. शिवाय 'सुखाचा शोध' हे शब्द खुद्द लॉकच्या मानवी आकलनावरच्या ग्रंथातही आहेत. तेव्हा 'लॉकचं काढलं आणि स्वतःचं घातलं' हे माझं उत्तर दोन्ही बाजूंनी लंगडं निघालं.

दुसरी जागा मला याहून आवडली. लॉकच्या शासनावरच्या दुसऱ्या प्रबंधात, २२५व्या परिच्छेदात, तो म्हणतो की राज्यकर्त्यांच्या बारीकसारीक चुका लोक निमूट सोसतात. पण गैरवापर, लबाड्या आणि डावपेच यांची लांबच लांब माळ दिसू लागली आणि ती सगळी एकाच दिशेने चाललीय हे कळलं, की लोक उठतात. जाहीरनाम्यात हेच शब्द येतात: गैरवापर आणि बळकावणी यांची लांबच लांब माळ. लॉक पुढच्या मुद्द्याकडे वळतो. जेफर्सन मात्र थांबतो आणि त्या माळेचे मणी एकेक करून मोजून दाखवतो. राजाने न्यायाधीशांची नोकरी आणि पगार आपल्या मर्जीवर ठेवले. शांततेच्या काळात आमच्यात खडं सैन्य ठेवलं. आमच्या संमतीविना कर बसवले. अशा २७ तक्रारी आहेत. लॉकच्या पानावर जो सिद्धांत होता त्याची इथे फिर्याद झाली.

म्हातारपणी, मे १८२५ मध्ये, जेफर्सनने हेन्री ली यांना पत्र लिहिलं. त्यात तो सांगतो, की पूर्वी कुणी न मांडलेली तत्त्वं शोधून काढणं हा आमचा हेतूच नव्हता. विषयातली सर्वांना पटणारी समज, मान्य करावीच लागेल इतक्या साध्या आणि ठाम शब्दांत जगापुढे ठेवायची होती. ॲरिस्टॉटल, सिसेरो, लॉक, सिडनी यांची नावं तो तिथेच घेतो.

मला वाटतं, सगळं मर्म याच पत्रात आहे. विचार युरोपातल्या ज्ञानोदयातून, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातल्या वैचारिक चळवळीतून, आले होते, पण ते साध्या माणसाला उचलता येतील असे करायचं काम फिलाडेल्फिया, बॉस्टन, न्यूयॉर्कच्या छापखान्यांत झालं.

जाता जाता एक: 'एन्लाइटनमेंट'ला मी ज्ञानोदय म्हणतोय. पुष्कळ जण प्रबोधन म्हणतात, पण मग पंधराव्या शतकातल्या इटलीतल्या 'रेनेसाँ'शी घोळ होतो.

तुम्ही यातलं काय वाचलंय? आणि 'सुखाचा शोध' याला मराठीत याहून बरं काही सुचतं का? मला तो शब्द हरवलेली वस्तू शोधल्यासारखा वाटतो.

जुनी_पेठ

उत्तम धागा. पण लॉकला तुम्ही फारच मोठं पान वाढलंय.

डोनाल्ड लुट्झ या अभ्यासकाने १७६० ते १८०५ या काळातल्या अमेरिकी राजकीय लिखाणात कुणाचे किती उल्लेख येतात ते मोजलं. सगळ्यांत जास्त उल्लेख बायबलचे. ग्रंथकारांमध्ये पहिला फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यू, मग इंग्रज कायदेपंडित ब्लॅकस्टोन, आणि लॉक त्यांच्या मागे. काळाप्रमाणेही फरक पडतो. इंग्लंडशी भांडण चालू होतं तोवर लॉक तोंडी असायचा. १७८० नंतर संविधान बांधायची वेळ आली तेव्हा लॉक मागे पडला आणि माँतेस्क्यू पुढे आला. ते साहजिकच आहे. राजाची सत्ता कधी झुगारावी हे लॉक सांगतो. झुगारल्यावर सत्तेची वाटणी कशी करायची, हे माँतेस्क्यूच्या १७४८ च्या ग्रंथात सापडतं.

आणि खरी रंगत अशी, की संविधानाच्या बाजूचे आणि विरुद्ध बाजूचे, दोघेही माँतेस्क्यूच घेऊन भांडत होते. १८ ऑक्टोबर १७८७ रोजी न्यूयॉर्कमध्ये 'ब्रूटस' या टोपणनावाने संविधानाविरुद्ध पहिलं पत्र छापून आलं. त्याचं म्हणणं, माँतेस्क्यूने सांगूनच ठेवलंय की प्रजासत्ताक लहान मुलखातच टिकतं. एवढ्या अफाट देशात प्रतिनिधींना लोकांची नाडी कळणार नाही, लोकांचा त्यांच्यावर भरवसा राहणार नाही, आणि शेवटी कायदा राबवायला सैन्यच आणावं लागेल. नीट वाचून बघा, हा माणूस फालतू बोलत नव्हता.

त्यावर २२ नोव्हेंबरला जेम्स मॅडिसनचा दहावा फेडरलिस्ट निबंध आला. (फेडरलिस्ट म्हणजे संविधानाच्या बाजूने लिहिलेली निबंधमाला.) मॅडिसनने तो मुद्दा पार उलटा केला. गट तर पडणारच, म्हणतो तो. माणसाला विचार करायचं स्वातंत्र्य आहे तोवर मतं वेगळी होणार, मालमत्ता कमी-जास्त आहे तोवर हितसंबंध वेगळे होणार. गट मोडायला गेलात तर स्वातंत्र्यच मोडावं लागेल, आणि तो रोगाहून भयंकर उपाय. मग करायचं काय? मुलूख मोठा ठेवा. लहान गावात एक गट सहज बहुमतात येतो आणि उरलेल्यांना दडपतो. मोठ्या देशात इतके पंथ, इतके धंदे, इतके स्वार्थ असतात की कुठल्याही एकाला सगळ्यांवर स्वार होणं अवघड जातं. मोठ्या प्रजासत्ताकाची ही कल्पना स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमने १७५२ च्या एका निबंधात मांडली होती. मॅडिसनने ती तिथून उचलली असं डग्लस अडेअर या इतिहासकाराने १९५७ मध्ये दाखवलं. निबंधात ह्यूमचं नाव कुठेही नाही.

मॅडिसनचा हा निबंध मी दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा वाचतो. माणूस चांगला होईल या आशेवर तो राज्य बांधत नाही. ५१व्या निबंधात तर सरळ म्हटलंय, की माणसं देवदूत असती तर सरकारची गरजच नसती, आणि एकाच्या महत्त्वाकांक्षेला दुसऱ्याची महत्त्वाकांक्षा आडवी घालावी लागते.

शाईदौत

वाचतोय. एक बाळबोध प्रश्न. हे सगळे टोपणनावाने का लिहीत होते? भीती होती का?

जुनी_पेठ

बाळबोध नाही, चांगला प्रश्न आहे. १७७६ च्या आधी भीती होतीच, राजद्रोहाचा आरोप येऊ शकत होता. १७८७ मध्ये तसं नव्हतं, पण रिवाज राहिला. शिवाय सोयही होती. फेडरलिस्टचे ८५ निबंध 'पब्लियस' या एकाच नावाने आले. मागे तिघे होते, त्यांत हॅमिल्टनचे ५१, मॅडिसनचे २९ आणि जॉन जे यांचे ५. न्यूयॉर्कच्या मतदारांना उद्देशून लिहायचं आणि मॅडिसन तर व्हर्जिनियाचा! नाव झाकलं की वाचणारा माणसाकडे न बघता मुद्द्याकडे बघतो. यांतली पुष्कळ नावं रोमन प्रजासत्ताकातली होती: पब्लियस, ब्रूटस, केटो. वाचणाऱ्याला नावावरूनच कळायचं की लिहिणारा कुठल्या बाजूला उभा आहे.

अक्षरवेल

जुनी_पेठ काका, हे सगळं शिकलेल्या माणसांचं झालं. नदीकाठ 'साध्या माणसाला उचलता येतील असे' म्हणतात, तर मग थॉमस पेन कुठे आहे?

मी भाषांतराची कामं करते. पेनचं 'कॉमन सेन्स' पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हा इंग्लंडमधल्या थेटफर्ड गावचा, १७३७ चा जन्म. बाप स्त्रियांच्या चोळीत घालायच्या ताठ काचोळ्या शिवायचा, हाही तेच शिकला. पुढे अबकारी खात्यात नोकरी, तीही गेली. लंडनमध्ये फ्रँकलिनची गाठ पडली आणि त्याची चिठ्ठी घेऊन १७७४ च्या अखेरीस हा फिलाडेल्फियाला उतरला. अमेरिकेत येऊन चौदा महिनेही झाले नव्हते, आणि १० जानेवारी १७७६ रोजी रॉबर्ट बेल या मुद्रकाने त्याची पन्नासेक पानांची पुस्तिका काढली. वर लेखकाचं नाव नाही. तोवर बहुतेक वसाहतवाले 'राजा चांगला, मंत्री वाईट' असंच म्हणत होते. पेनने राजालाच हात घातला.

कसा घातला ते बघण्यासारखं आहे. सुरुवातीला तो म्हणतो, कल्पना करा की थोडी माणसं जगाच्या एका एकाकी कोपऱ्यात येऊन राहिली. एकट्याला घर उभारता येत नाही. लाकूड तोडलं तरी ते हलवता येत नाही, हलवलं तरी चढवता येत नाही. मग माणसं एकमेकांना धरून राहतात. हळूहळू नियम लागतात. एखादं सोयीचं झाड हीच त्यांची सभा, त्याच्या फांद्यांखाली अख्खी वसाहत जमते आणि प्रत्येकाला बोलायचा जन्मसिद्ध हक्क. वाचताना मला आमच्या आजोळचा पार दिसत होता. ही लॉकची 'निसर्गावस्था' आणि 'सामाजिक करार' आहे, पण त्यातला एकही जड शब्द नाही. ओंडका आहे, घर आहे, झाड आहे. पेनने पुढे कधीतरी सांगितलं होतं की मी लॉक वाचलेलाच नाही, पुस्तक हातातही धरलेलं नाही. मला ते खरं वाटतं, कारण तोवर ते विचार खानावळीत, छापखान्यात, चर्चच्या दारात बोलले जात होते.

मग तो बायबल काढतो. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात आठवा अध्याय, लोक शमुवेलाकडे राजा मागतात आणि तो त्यांना बजावतो की राजा तुमची मुलं, शेतं, गुरं नेईल. हा अध्याय ऐकत लहानाची मोठी झालेली माणसं पुस्तिका वाचत होती. त्यांना माँतेस्क्यूची गरज नव्हती. आणि मग एकच घाव: एका खंडावर एका बेटाने कायमचं राज्य करावं, यात काहीतरी विचित्र आहे.

पुस्तिकेच्या किती प्रती खपल्या याबद्दल मोठमोठे आकडे सांगतात. पेनने स्वतः तीन महिन्यांत १,२०,००० म्हटलं होतं, हल्लीचे अभ्यासक तो आकडा फुगवलेला मानतात. पण सहा महिन्यांत जाहीरनामा झाला, हे तर आहेच.

जॉन ॲडम्सला मात्र पेनची राज्यव्यवस्था मुळीच पटली नाही. एकच सभागृह म्हणजे एकाच सभेच्या लहरीवर सगळं सोपवणं, असं त्याचं मत. त्याने लगेच त्याच वर्षी आपली वेगळी पुस्तिका काढली, दोन सभागृहं आणि स्वतंत्र न्यायसंस्था मांडणारी.

दुर्बीण

सगळं वाचलं, आवडलंही. तरी मनात जे आलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

'सर्व माणसे समान' लिहिणाऱ्या जेफर्सनने आयुष्यात सहाशेच्या वर माणसं गुलाम म्हणून बाळगली. लॉक कॅरोलायनाच्या मालकमंडळींचा चिटणीस होता. त्या वसाहतीच्या १६६९ च्या मूलभूत नियमांत प्रत्येक स्वतंत्र नागरिकाला आपल्या निग्रो गुलामांवर संपूर्ण सत्ता दिलेली आहे. जाहीरनाम्याच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापाराबद्दल राजाला झोडपणारा एक परिच्छेद होता, तो काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, उडवला. दक्षिण कॅरोलायना आणि जॉर्जिया यांना तो नको होता हे जेफर्सननेच लिहून ठेवलंय, आणि उत्तरेकडच्या काहींनाही तो बोचत होता, कारण जहाजं त्यांची होती.

नदीकाठ, तुम्ही म्हणता साध्या माणसाला उचलता आलं. कुठल्या साध्या माणसाला? मला हे गिळवत नाही.

नदीकाठ

दुर्बीण, तुमचं अक्षरन् अक्षर मान्य. हे गिळायचं नाहीच. लेकीनेही मला हेच विचारलं, आणि तिच्यासाठी शोधताना जे सापडलं त्याने माझं मत बदललं नाही, उलट घट्ट झालं.

१३ जानेवारी १७७७. जाहीरनाम्याला अजून सातवा महिनाही भरला नव्हता. बॉस्टनच्या प्रिन्स हॉल आणि इतर कृष्णवर्णीयांनी मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे अर्ज केला. त्यात म्हटलंय, की विश्वाच्या थोर पालकाने सगळ्या मानवजातीला सारखंच दिलेलं स्वातंत्र्य हा इतर सर्व माणसांसारखा आमचाही नैसर्गिक आणि हिरावून न घेता येणारा हक्क आहे. पुढे जे आहे ते मी तीन वेळा वाचलं. ते म्हणतात, आम्हाला आश्चर्य याचं वाटतं, की ग्रेट ब्रिटनशी झगडताना अमेरिकेने जी जी तत्त्वं पुढे केली, त्यांतलं प्रत्येक तत्त्व हजार युक्तिवादांहून जास्त जोराने आमचीच बाजू मांडतं, हे अजून कुणाच्या ध्यानात कसं आलं नाही?

अर्जाला लगेच यश आलं नाही. पण १७८० मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या संविधानात 'सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत' असं कलम आलं, मसुदा मुख्यतः ॲडम्सचा. पुढच्याच वर्षी बेट नावाच्या एका गुलाम स्त्रीने त्या शब्दांवर कोर्टात दावा लावला. ग्रेट बॅरिंग्टनच्या कोर्टात ती जिंकली आणि एलिझाबेथ फ्रीमन हे नाव घेऊन बाहेर पडली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. ते शब्द तिने कुणाच्या तरी तोंडून ऐकले होते आणि ते आपल्याबद्दल आहेत हे ओळखलं होतं.

तुमच्या 'कुठल्या साध्या माणसाला' या प्रश्नाचं माझं उत्तर म्हणजे ही बाई. ज्यांनी लिहिलं त्यांनी तिला मोजलं नव्हतं. तिने स्वतःला मोजून घेतलं.

दुर्बीण

ही माहिती मला नव्हती. बेटबद्दल आणखी वाचते. जेफर्सनबद्दलचा राग तसाच आहे, पण धाग्यात या दोघांची नावं आली हे फार बरं झालं.

माळरान

पहिल्यांदाच लिहितोय इथे. पेनचं नाव निघालं आणि कुणी जोतिरावांचं नाव घेईना, म्हणून राहवलं नाही.

पेनचा 'राइट्स ऑफ मॅन' हा ग्रंथ १७९१-९२ चा, फ्रेंच राज्यक्रांतीच्या बाजूने लिहिलेला. जोतिराव फुल्यांनी तो पुण्यात १८४७ च्या सुमारास वाचला, तेव्हा ते विशीत होते. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' छापली तेव्हा ती त्यांनी अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी त्यांनी दाखवलेल्या निःस्वार्थी वृत्तीबद्दल. अमेरिकेची यादवी संपून तेव्हा आठ वर्षं झाली होती. आमच्या घरी वडिलांनी बांधून घेतलेली जुनी प्रत आहे, अर्पणपत्रिकेच्या पानाचा कोपरा हाताळून हाताळून मऊ पडलाय.

आणि १८९१ मध्ये, त्यांच्या निधनानंतर निघालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त निर्मीकाने (म्हणजे निर्मात्याने) सर्व स्त्री-पुरुषांना जन्मतः स्वतंत्र आणि हक्कांना पात्र असं निर्माण केलं, हा विचार पुन्हा पुन्हा येतो. 'स्त्री-पुरुष' असं दोघांना धरून म्हणतात ते. ॲबिगेल ॲडम्सने ३१ मार्च १७७६ च्या पत्रात नवऱ्याला लिहिलं होतं, नवे कायदे कराल तेव्हा बायकांची आठवण ठेवा. जॉन ॲडम्सने ते हसण्यावारी नेलं. जोतिरावांना कुणी आठवण करून द्यावी लागली नाही.

अक्षरवेल

माळरान दादा, स्वागत, आणि तुम्ही माझं कामच केलंत. नदीकाठांच्या मूळ प्रश्नावर मी दोन दिवस अडले होते. जाहीरनाम्यात जो 'क्रिएटर' आहे त्याला मी 'ईश्वर' लिहून पाहिलं, 'परमेश्वर' लिहून पाहिलं, दोन्ही जमेनात. तो शब्द मुद्दाम कुठल्याही पंथाचा नाहीये. निर्मीक! मराठीत तो शब्द होताच की.

'सुखाचा शोध' मलाही पसंत नाही. अठराव्या शतकात त्या शब्दात मौजमजा कमी आणि नीट, भरभराटीने जगणं जास्त होतं. माझा प्रयत्न असा:

'आम्ही ही सत्ये उघड मानतो, की सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत. निर्मीकाने त्यांना काही हक्क दिले आहेत, ते कुणालाही हिरावून घेता येत नाहीत. जीवित, स्वातंत्र्य आणि आपल्या सुखासाठी झटणे हे त्यांपैकी होत.'

'स्वयंसिद्ध' टाळलं, भूमितीच्या पुस्तकातला वाटतो. पण जेफर्सनच्या मसुद्यात आधी 'पवित्र आणि नाकारता न येणारी' सत्ये होती आणि ते खोडून हा शब्द आला, तेव्हा कदाचित भूमितीच हवी होती त्यांना.

जुनी_पेठ

'स्वयंसिद्ध'च हवं. न्यूटनच्या विचारांवर वाढलेली माणसं ती. जेफर्सनने बेकन, लॉक आणि न्यूटन या तिघांना जगातली सर्वांत थोर माणसं म्हटलंय. भूमितीतल्या गृहीतासारखं वाक्य त्याला हवं होतं, की हे मान्य केलंत तर पुढचं नाकारता येणार नाही. प्रिन्स हॉलने तेच तर केलं. 'झटणे' मात्र फार छान.

नदीकाठ

'झटणे' लगेच उचललं. 'स्वयंसिद्ध' की 'उघड' यावर घरी मतभेद आहेत. लेक म्हणते, 'उघड' आजीलाही कळेल.

तिने निबंध दिला. वर मेसनचं वाक्य, खाली जेफर्सनचं, आणि त्याखाली प्रिन्स हॉलच्या अर्जातलं, असं एकाखाली एक लिहून नेलं. येत्या शनिवारी आम्ही सातव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर जाणार आहोत. मूळ घर १८८३ मध्ये पाडलं, आत्ता आहे ते १९७५ मध्ये पुन्हा उभारलेलं. त्या कोपऱ्यावर उभं राहून अक्षरवेलताईंचं मराठी वाक्य मोठ्याने वाचायचं असं तिने ठरवलंय. कुठला शब्द घेतला ते आल्यावर इथेच लिहितो.